लाडवातल्या कॅलरी आणि हजारपटीचा घोळ

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत पाककृतींच्या तळाशी हल्ली कॅलरींचे आकडे छापले जातात, हे चांगलेच आहे. पण त्याच अंकात चार पाने उलटली की विद्यार्थ्यांच्या सदरात 'एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यासाठी लागणारी उष्णता म्हणजे एक कॅलरी' अशी व्याख्या असते. दोन्ही मजकूर एकदम खरे धरले, तर १८० कॅलरींचा बेसनाचा लाडू एक कप पाणी जेमतेम एक अंशाने तापवेल. प्रत्यक्षात तोच लाडू पूर्ण जाळून त्याची सगळी उष्णता पाण्यात उतरवली, तर जवळजवळ अडीच लिटर नळाचे पाणी उकळीला येईल. फरक हजारपटीचा आहे आणि त्याचे खापर मुद्रितशोधकावर फोडता येणार नाही. तो या शब्दाच्या कुळातच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

लॅटिनमध्ये 'कॅलोर' म्हणजे उष्णता. १७८७ साली पॅरिसमध्ये गितों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बेर्तोले आणि फुर्क्रुआ यांनी रसायनशास्त्राची नवी परिभाषा रचली. त्या काळी उष्णता हे एक अतिसूक्ष्म, वजनरहित द्रव्य आहे असे मानत. त्या द्रव्याला या मंडळींनी 'कॅलोरिक' असे नाव दिले. १७८९च्या आपल्या ग्रंथात लाव्हाझिएने ३३ मूलद्रव्यांचा तक्ता दिला आहे. त्यात पहिल्या दोन जागांवर प्रकाश आणि कॅलोरिक आहेत. ऑक्सिजनचा नंबर त्यानंतर लागतो. अस्तित्वात नसलेल्या पदार्थाचे हे नाव आणि आज लाडवाखाली छापला जाणारा शब्द, दोघांचे मूळ एकच.

गंमत म्हणजे सिद्धान्त चुकला तरी मोजमाप चुकले नाही. १७८२-८३च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी बर्फाचे उष्णतामापक यंत्र केले. आत जाळीचा पिंजरा, भोवती बर्फाचा थर आणि त्याच्याही बाहेर बर्फाचा आणखी एक थर. बाहेरच्या थराचे काम एवढेच की खोलीतली ऊब आतल्या बर्फापर्यंत पोहोचू द्यायची नाही. आतला बर्फ जेवढा वितळेल तेवढे पाणी तळाच्या नळीतून गोळा करून तोलायचे. पिंजऱ्यात गिनीपिग ठेवले, तेव्हा दहा तासांत सुमारे १३ औंस बर्फ वितळला. फ्रेंच औंस ३०.६ ग्रॅमचा होता, म्हणजे साधारण ४०० ग्रॅम. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० लहान, म्हणजे वरच्या व्याख्येतल्या ग्रॅमवाल्या कॅलरी लागतात, म्हणजे आजच्या भाषेत ते जनावर दहा तासांत ३२ किलोकॅलरी (३२ हजार लहान कॅलरी) उष्णता बाहेर टाकत होते. तेवढ्याच वेळात त्याने सोडलेला कार्बन डायऑक्साइड वायू आणि तेवढाच वायू निघेल इतका कोळसा जाळल्यावर मिळणारी उष्णता यांची तुलना करून, श्वसन हे मंद ज्वलन आहे असा निष्कर्ष दोघांनी काढला. अडचणी होत्याच. हवा शून्याच्या बरीच वर असेल तर बर्फ आपोआप वितळतो. शून्याखाली असेल तर बर्फच आधी थोडी उष्णता खातो. आणि वितळलेले पाणी बर्फाच्या फटींत अडकून राहते, ते तोलात येत नाही. हिवाळ्यातच प्रयोग करण्याचे कारण यात आहे.

पुढे १७९०च्या दशकात रमफर्ड या शास्त्रज्ञाने म्युनिकच्या तोफखान्यात बोथट गिरमिटाने तोफेला भोक पाडताना पाणी उकळवून दाखवले. गिरमिट फिरते आहे तोवर उष्णता निघतच राहते. पदार्थात साठवलेले द्रव्य असते तर ते कधीतरी संपले असते. १८४०च्या दशकात इंग्रज शास्त्रज्ञ ज्यूलने पडणाऱ्या वजनांनी पाण्यात वल्ही फिरवून यांत्रिक कामाचा आणि उष्णतेचा हिशेब जुळवला आणि कॅलोरिक हे द्रव्य बाद झाले.

पण त्याआधीच त्याच लॅटिन मुळापासून निघालेला दुसरा शब्द रुळला होता. पॅरिसच्या कॉन्झर्व्हातोआर या तंत्रसंस्थेत निकोला क्लेमाँ हे प्राध्यापक १८१९ ते १८२४च्या दरम्यान उष्णता आणि वाफेच्या यंत्रांवर व्याख्याने देत. किती कोळशातून किती वाफ, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. त्यासाठी त्यांनी एकक वापरले: एक किलोग्रॅम पाणी एक अंशाने तापवणारी उष्णता म्हणजे एक 'कॅलरी'. किलोग्रॅमच, ग्रॅम नव्हे. म्हणजे आपल्या आहारतज्ज्ञांची 'मोठी' कॅलरी हीच थोरली. पाठ्यपुस्तकातली ग्रॅमवाली कॅलरी धाकटी. 'लोक किलोकॅलरीला चुकून कॅलरी म्हणतात' अशी दुरुस्ती शास्त्राचे शिक्षक नेहमी करतात, ती इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. ग्रॅमची कॅलरी फाव्र आणि सिल्बरमान या रसायनतज्ज्ञांनी १८५२मध्ये वापरली, कारण प्रयोगशाळेत त्यांना ग्रॅम-दोन ग्रॅमच्याच गोष्टी मोजायच्या होत्या.

एकाच नावाची दोन एकके झाल्यावर १८७९मध्ये फ्रेंच रसायनतज्ज्ञ बेर्तेलोने तोडगा काढला: किलोग्रॅमची ती मोठ्या 'सी'ने लिहायची, ग्रॅमची लहान 'सी'ने. हा तोडगा फ्रेंच-इंग्रजीतही फार काळ पाळला गेला नाही आणि देवनागरीत तर तो मुळातच अशक्य. आपल्याकडे मोठे अक्षर आणि लहान अक्षर असा भेदच नाही. त्यामुळे मराठीत नुसते 'कॅलरी' लिहिले की कोणती कॅलरी हे सांगायचा एकही मार्ग उरत नाही. इंग्रजीत निदान एक मोडका मार्ग आहे.

ग्रॅमवाली व्याख्या घेतली तरी ती अर्धीच. पाण्याची उष्णता सामावण्याची क्षमता तापमानाबरोबर बदलते: शून्य अंशाजवळ एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला ४.२१७ ज्यूल (ज्यूल हे ऊर्जेचे एकक) लागतात, १५ अंशांना ४.१८५५, तर पस्तिशीच्या आसपास सर्वांत कमी, सुमारे ४.१७८. म्हणून व्याख्येत '१४.५ ते १५.५ अंश' असे लिहावे लागते. शिवाय रसायनशास्त्रातली कॅलरी ठरवूनच ४.१८४ ज्यूलची केलेली आणि वाफेच्या तक्त्यांतली ४.१८६८ ज्यूलची. पाककृतीला हा फरक क्षुल्लक आहे. पण या असल्या अनेक कॅलरींमुळेच १९४८ साली वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने उष्णतेसाठी ज्यूल हे एकक घेतले आणि कॅलरी शक्यतो टाळा असे सुचवले. भौतिकीने ते ऐकले, आहारशास्त्राने बहुतेक ठिकाणी नाही. ऑस्ट्रेलियात पाकिटांवर किलोज्यूल असतात, युरोपात दोन्ही आकडे, भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम किलोकॅलरीचा.

आता आकडा येतो कुठून ते पाहू, कारण बहुतेक गैरसमज तिथे आहेत.

अन्न प्रत्यक्ष जाळून मोजायचे यंत्र म्हणजे बॉम्ब कॅलरीमापी: लहान तांब्याएवढे, जाड पोलादी, घट्ट झाकणाचे भांडे. नमुना वाळवून, दळून, एक ग्रॅमच्या आसपास तोलायचा आणि त्याची गोळी दाबायची. गोळी मुशीत ठेवायची, दहा सेंटिमीटर निक्रोमची तार तिला टेकेल अशी बांधायची, भांड्याच्या तळाशी एक मिलिलिटर पाणी घालायचे, झाकण आवळायचे आणि आत हवेच्या नेहमीच्या दाबाच्या २५ ते ३० पट दाबाने प्राणवायू भरायचा. मग ते भांडे बरोबर दोन किलो पाणी असलेल्या बादलीत ठेवून ढवळणी सुरू करायची. तापमान पाच मिनिटे स्थिर राहिले की तारेतून वीज सोडायची.

यंत्र आधी बेंझोइक आम्लाने जुळवतात. त्याच्या एका ग्रॅममधून ६३१८ लहान कॅलरी निघतात हे पक्के ठाऊक असते. समजा पारा २.६० अंश चढला, तर ६३१८ भागिले २.६०, म्हणजे या यंत्राला अंशामागे २४३० कॅलरी लागतात. त्याच यंत्रात एक ग्रॅम साखर जाळली तर साधारण १.६२ अंश वाढ दिसते: ३९४० कॅलरींच्या आसपास. यातून तारेच्या ज्वलनाचे वीसेक कॅलरी आणि आतल्या नायट्रोजनपासून झालेल्या नायट्रिक आम्लाचे थोडे वजा करायचे. इतक्या बारीक वजाबाक्यांसाठी लहान कॅलरीच सोयीची, हे मान्य.

बिघडते ते ठरावीक ठिकाणी. गोळी न दाबता नुसती पूड ठेवली की प्राणवायू भरतानाच ती मुशीबाहेर उडते आणि न जळता राहते. नमुना ओलसर असला तर ज्वलन अर्धवट होते. झाकण उघडल्यावर मुशीत काजळी दिसली तर तो आकडा फेकून द्यायचा. सुधारून घेता येत नाही. शाळेत सुईला टोचलेला शेंगदाणा परीक्षानळीखाली जाळायचा प्रयोग करतात, त्यात तर निम्म्याहून अधिक उष्णता हवेत आणि काजळीत जाते. अर्धा ग्रॅम दाण्यातून अडीच हजारांवर लहान कॅलरी निघायला हव्यात. ५० मिलिलिटर पाणी त्याने पन्नास अंशांनी तापायला हवे, ते कधीच तापत नाही. प्रयोग चांगला आहे, पण त्यातून आलेला आकडा शेंगदाण्याचा नव्हे, त्या मांडणीचा आहे असे मुलांना सांगायला हवे.

आणि बॉम्बचा आकडा म्हणजे पोटाचा आकडा नव्हे. वाळलेल्या लाकडाचा भुसा बॉम्बमध्ये धान्याच्या तोडीस तोड उष्णता देतो. पोटात त्याचा काही उपयोग नाही. ही दरी भरून काढली ती जर्मनीत रुबनर आणि अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर या संशोधकांनी. मिडलटाउनच्या वेस्लियन विद्यापीठात १८९०च्या दशकात अ‍ॅटवॉटर आणि रोझा यांनी माणूस राहू शकेल अशी बंद खोलीच कॅलरीमापी म्हणून बांधली. खोलीतली उष्णता नळांतल्या थंड पाण्याने वाहून न्यायची, ती मोजायची, आणि माणसाचे अन्न, श्वास, मल, मूत्र सगळ्याचा हिशेब ठेवायचा. प्रथिनांचा एक ग्रॅम बॉम्बमध्ये सुमारे ५.६५ किलोकॅलरी देतो, पण शरीर त्यातला नायट्रोजन युरियाच्या रूपाने अर्धवट जळालेलाच बाहेर टाकते, त्यात सव्वा किलोकॅलरी जाते. थोडे पचतच नाही. उरतात ४. पिष्टमय पदार्थांना ४, स्निग्धांना ९, मद्यार्काला ७. पाकिटामागचा आकडा बहुतेक वेळा घटकांच्या ग्रॅमना या आकड्यांनी गुणून आलेला असतो. तो पदार्थ कोणी जाळलेला नसतो.

हे आकडे सरासरीचे आहेत. बदामाच्या बाबतीत ते सपशेल चुकतात: २०१२मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी माणसांना बदाम खाऊ घालून मोजले, तेव्हा २८ ग्रॅममधून १७० ऐवजी १२९ किलोकॅलरीच मिळतात असे दिसले. पेशींच्या भिंती नीट फुटत नाहीत आणि आतले तेल तसेच बाहेर पडते. आपल्याकडचे उदाहरण ज्वारीचे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीला ३४९ किलोकॅलरी आहेत. २०१७च्या नव्या तक्त्यात १३९८ किलोज्यूल, म्हणजे ३३४ किलोकॅलरी. ज्वारी बदलली नाही; नव्या तक्त्यात आहारातले एकूण तंतू वेगळे मोजून पिष्टमय भागातून वजा केले आहेत. या तक्त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे, हे न पाहता आकडा उचलला की ज्वारी एकदम चौपट 'जड' होते. समाजमाध्यमांवर अशी ज्वारी फिरताना दिसते.

मराठीत या शब्दाला 'उष्मांक' असा प्रतिशब्द मिळाला. त्यातला 'अंक' नेमका बसतो, पण रोजच्या वापरात तोही आता 'लाडवात भरलेला माल' याच अर्थाने चालतो. उष्मांकाला एक वेगळाच अर्थ पुण्यात मिळाला. १९७१ साली गोखले संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थशास्त्रज्ञांनी दारिद्र्याचा अभ्यास मांडला, तो माणशी रोज २२५० किलोकॅलरी अन्न परवडते की नाही या प्रश्नावर. त्यासाठी १९६०-६१च्या किमतींनी ग्रामीण भागात माणशी दरमहा १५ रुपये खर्च धरला आणि शहरात साडेबावीस. नियोजन आयोगाच्या १९७९च्या कार्यगटाने तो दंडक ग्रामीण २४००, शहरी २१०० असा केला आणि उष्णतेचे एकक दारिद्र्यरेषा झाले. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला की एकाच निरोगी माणसाची गरजही दिवसागणिक खालीवर होते. सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी धरणे चूक. दांडेकरांनी त्याला कडक उत्तर दिले. वाद जुना झाला, पण दोन्ही बाजूंना एवढे माहीत होते की कॅलरी हा भुकेचा एक निर्देशांक आहे, भूक नव्हे. पुढे सरकारी रेषा फक्त महागाईच्या प्रमाणात वर सरकत गेली. त्या पैशात तेवढ्या किलोकॅलरी येतात का, हे जुळवणे सुटले. २००९मध्ये दारिद्र्यरेषेसाठी नेमलेल्या तेंडुलकर समितीने तो दुवा अधिकृतपणेच सोडला.

शालेय पोषण आहाराच्या बातम्यांत आजही हा घोळ दिसतो. पहिली ते पाचवीचा निकष ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने असा आहे. त्यामागचे जिन्नस १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. हिशेब करा: तांदळाचे ३५६, डाळीचे ६५च्या आसपास, तेलाचे ४५. साडेचारशेच्या थोडे वरच. बातमीत 'मुलांना ४५० कॅलरी' छापले आणि व्याख्या पाठ्यपुस्तकाची धरली, तर ती तेलाच्या एक-दोन थेंबांइतकी होते.

'कॅलरी जाळणे' या शब्दप्रयोगाबद्दलही थोडे. व्यायामयंत्रावरचा आकडा वजन, वेग आणि वेळ यांवरून काढलेला अंदाज असतो. स्वस्थ बसलेला माणूस तासाला, वजनाच्या दर किलोमागे, साधारण एक किलोकॅलरी खर्च करतो. तासाला पाच किलोमीटर वेगाने चालताना तो खर्च सुमारे साडेतीनपट होतो. ६० किलो वजनाच्या माणसाला अर्ध्या तासाला १०५ दिसतील, पण त्यातले ३० तो खुर्चीत बसूनही खर्चणारच होता. चालण्याचे खरे ७५. यंत्र बहुधा १०५ दाखवते आणि माणूस त्या भरवशावर वडापाव खातो. कॅलोरिक हे द्रव्य शास्त्राने हद्दपार केले. जिममध्ये ते पुन्हा पदार्थात भरलेले असते आणि घामातून बाहेर पडते.

आता संपादकांना विनंती. पाककृतीखाली 'किलोकॅलरी' असे पूर्ण लिहावे. जागा नसेल तर 'किकॅ' हे संक्षिप्त रूप एकदा ठरवून कायम वापरावे. आकडा कच्च्या जिन्नसांच्या वजनावरून काढावा. अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप, ४०० ग्रॅम पिठीसाखर: नव्या तक्त्यातले हरभरा डाळीचे मूल्य धरून बेसनाचे १६५०, तुपाचे २२४०, साखरेचे १६००, मिळून साधारण ५५००. याचे तीस लाडू वळले तर एकात १८३, चोवीस वळले तर २२९. म्हणून 'एका लाडवात' लिहिताना लाडवाचे वजनही द्यावे. तिसांतला लाडू ३८ ग्रॅमचा होतो. भाताला कच्चे की शिजलेले हे सांगितलेच पाहिजे: १०० ग्रॅम तांदळाचा भात २८० ते ३०० ग्रॅम होतो, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या भातात किलोकॅलरी तांदळाच्या तिसऱ्या हिश्शाला थोड्या जास्त. ५० ग्रॅम पिठाची भाकरी १६७चीच, पाणी कितीही लागो. तळणीच्या पदार्थाला अंदाज चालत नाही. कढईतले तेल आधी आणि नंतर तोलावे, फरकाला नऊने गुणावे. चकली मोडून खुसखुशीत निघते की तेल पिते, यावर त्या आकड्यात शंभर ग्रॅममागे शंभर-दीडशेचा फरक सहज पडतो.

विद्यार्थ्यांच्या सदरातली व्याख्या काढू नये. तिच्याखाली एक ओळ घालावी: पाककृतीच्या पानावरची कॅलरी हिच्या हजारपट आहे.

आपला,
अन्नविश्लेषणाच्या क्षेत्रातील एक वाचक, पुणे